वीज आणि विकर: देगलूरच्या मुलांसाठी रसायनशास्त्रातली नवी वाट

शुगरचा आजार असलेलं माणूस आता देगलूरच्या गल्लीगल्लीत सापडतं आणि त्याच्या घरात रक्तातली साखर मोजायचं छोटं मशीनही बहुधा असतंच. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, काही सेकंदांत आकडा समोर येतो. हे मशीन ज्या तत्त्वावर चालतं, त्याच तत्त्वावर रसायननिर्मितीची एक नवी शाखा उभी राहते आहे. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांनी आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या आईवडिलांनी ती आत्ताच समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

त्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डीहायड्रोजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, वाळवून बसवलेलं असतं. रक्तातल्या असंख्य पदार्थांमधून ते ग्लुकोजचा रेणू हेरतं आणि त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. पट्टीवरचं एक मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रॉन विद्युताग्रापर्यंत, म्हणजे इलेक्ट्रोडपर्यंत, पोचवतं. साखर जितकी जास्त, तितका प्रवाह जास्त. मशीन तो प्रवाह मोजतं आणि आकडा दाखवतं.

आता हीच साखळी उलट्या दिशेने चालवायची. बाहेरून वीज द्यायची, विद्युताग्राने विकराला इलेक्ट्रॉन पुरवायचे आणि विकराने त्यांच्या जोरावर स्वस्त कच्च्या मालातून मौल्यवान रसायन घडवायचं. औषधाचा घटक, सुगंधी द्रव्य, प्लास्टिकचा कच्चा माल, उद्या कदाचित खतही. या विषयाला बायोइलेक्ट्रोकॅटॅलिसिस म्हणतात. बारावीच्या रसायनशास्त्रातला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा आणि जीवशास्त्रातला विकरांचा भाग, इतकंच त्याचं मूळ भांडवल आहे. दोन्ही आपल्या मुलांना अभ्यासाला असतातच, फक्त दोन वेगवेगळ्या वह्यांमध्ये.

याची गरज का पडली, ते खताच्या उदाहरणावरून लवकर कळेल. युरियासाठी अमोनिया लागतो. हेबर-बॉश पद्धतीने तो करायचा तर सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि १५० ते २०० पट वातावरणीय दाब लागतो. आपल्या शिवारातल्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हेच काम नायट्रोजनेज नावाच्या विकराने करतात, शेताच्या तापमानाला, भट्टीशिवाय. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात शेली मिंटीर यांच्या गटाने २०१७ साली हे विकर विद्युताग्राशी जोडून हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया मिळवून दाखवला. अमोनिया अगदी थोडा होता, पोतं भरण्याइतका नक्कीच नव्हता. पण वाट आहे, हे सिद्ध झालं.

दुसरं उदाहरण गोठ्यातलं. व्यालेली गाय आडवी पडली की डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात. तिच्यात कॅल्शियम बोरोग्लुकोनेट असतं. त्यातलं ग्लुकोनेट ग्लुकोजपासूनच बनतं आणि ते बनवायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक विजेची: ग्लुकोजच्या द्रावणात थोडं ब्रोमाइड घालून वीज सोडली की धनाग्रावर ब्रोमीन तयार होतं आणि ते ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करतं. दुसरी बुरशीची: ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी आपल्या ग्लुकोज ऑक्सिडेजने तेच काम करते. साखरेच्या पट्टीवर असतं तेच हे विकर. म्हणजे वीज आणि विकर एकाच मालासाठी एकमेकांचे स्पर्धक होते. नव्या शाखेत त्या दोघांना एकाच भांड्यात आणलं जातं.

असं केल्याने काय साधतं? विकराचा मोठा गुण म्हणजे नेमकेपणा. पुष्कळ औषधांचे रेणू डाव्या-उजव्या हातासारखे दोन रूपांत असतात आणि हवं असतं त्यातलं एकच. साध्या रासायनिक क्रियेत दोन्ही मिसळून येतात, विकर नेमकं एकच घडवतं. सिटाग्लिप्टिन ही शुगरची गोळी पुष्कळ घरांत असते. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी तिच्यासाठी एक विकर घडवलं आणि २०१० साली ते काम प्रसिद्ध केलं. आधीच्या पद्धतीत जास्त दाबाखाली हायड्रोजन आणि ऱ्होडियम हा महागडा धातू लागत होता, ते दोन्ही गेले. उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला, टाकाऊ माल १९ टक्क्यांनी घटला. विकरं अशी प्रयोगशाळेत घडवायची रीत शोधल्याबद्दल फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

विजेचा गुण वेगळा आहे. प्रवाह कमी-जास्त केला की क्रियेचा वेग कमी-जास्त होतो. पेरॉक्सिजनेज जातीची विकरं हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात, पण ते एकदम जास्त ओतलं तर विकर मरतं. विद्युताग्रावर हवेतल्या ऑक्सिजनपासून पेरॉक्साइड थेंबाथेंबाने तयार करता येतं, विकराला सोसेल तितकंच.

खरी अडचण आणखी आत आहे आणि माझ्या मते या विषयाची गोडीही तिथेच आहे. अनेक विकरांना इलेक्ट्रॉन थेट घेता येत नाहीत. त्यांना एनएडीएच नावाचं सहविकर आणून देतं. मोंढ्यातला हमाल जसा पोतं गोदामात टाकून रिकाम्या पाठीने परत येतो, तसं हे सहविकर एकदा इलेक्ट्रॉन देऊन रिकामं होतं. ते महाग असल्याने प्रत्येक फेरीला नवं वापरणं परवडत नाही. त्याच्या पाठीवर पुन्हा ओझं चढवावं लागतं, आणि हे काम विद्युताग्राने करावं यासाठी जगभर गेली चाळीसेक वर्षं धडपड चालू आहे. विद्युताग्राने या रिकाम्या सहविकराला सरळ इलेक्ट्रॉन दिले तर ते चुकीच्या जागी बसतात आणि निरुपयोगी रेणू तयार होतात. त्यासाठी ऱ्होडियमचे मध्यस्थ शोधले गेले, विकरांच्या जोड्या लावल्या गेल्या, कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर विकरं बसवून पाहिली गेली. पूर्ण समाधानकारक उत्तर अजून कुणाच्या हाती नाही. पंचवीस वर्षांनी देगलूरची एखादी मुलगी किंवा मुलगा ते शोधू शकेल, हे मी उगाच धीर द्यायला लिहीत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, तिथे उशिरा पोचणाऱ्यालाही जागा असते.

बटाट्यापासून विद्युताग्रापर्यंत

या विषयाच्या मुळाशी एक मराठी नाव आहे आणि ते आपल्या शाळांमध्ये फार कमी घेतलं जातं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म १९११. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून त्या १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, त्यांनी काम करून दाखवलं आणि पुढे केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

सायटोक्रोम सी करतं काय? पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवतं. प्रथिनं इलेक्ट्रॉन वाहतात हे कळलं होतं, पण धातूच्या विद्युताग्राशी ती थेट देवाणघेवाण करतील का, याबद्दल पुढे अनेक दशकं शंका होती. १९७७ साली ती फिटली. ऑक्सफर्डमध्ये ॲलन हिल यांच्या गटाने आणि अमेरिकेत कुवाना यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवलं की योग्य विद्युताग्र असेल तर प्रथिन त्याच्याशी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करतं. दोन्ही गटांनी प्रयोगाला घेतलेलं प्रथिन होतं सायटोक्रोम सी.

पुढचा टप्पा तर आपल्या घरापर्यंत येतो. विकर आणि विद्युताग्र जोडून साखर मोजायची कल्पना अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ सालीच मांडली होती. १९८४ साली ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी, यात हिल यांचा गटही होता, फेरोसीन हा मध्यस्थ वापरून सुटसुटीत ग्लुकोज-विद्युताग्र बनवलं. १९८७ साली त्यावर आधारलेलं पेनच्या आकाराचं मशीन बाजारात आलं. रक्ताचा थेंब घेऊन घरी साखर मोजायची सोय त्यातून वाढत गेली.

कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं, नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. मूलभूत संशोधन केलेल्या बाईंनी गरिबाच्या ताटातल्या प्रश्नांकडे वळावं, हे मला फार मोलाचं वाटतं. शास्त्रज्ञ होणं म्हणजे आपल्या माणसांपासून दूर जाणं, अशी भीती बाळगणाऱ्या पालकांनी त्यांचं आयुष्य मुलांना जरूर सांगावं.

आपल्या भागात यातलं काय आहे

विषय परदेशी वाटू शकतो, पण नकाशा वेगळंच सांगतो. अकोल्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग १६१ नांदेड आणि देगलूरवरून तेलंगणात शिरतो आणि संगारेड्डीला जातो. त्याच संगारेड्डी जिल्ह्यात कंदी इथे आयआयटी हैदराबाद आहे. पुढे हैदराबाद शहरात तारनाक्याला भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयसीटी आहे. निजामाच्या राजवटीत १९४४ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली. तिथे डॉ. एस. वेंकट मोहन यांनी जिवाणू आणि विद्युताग्र यांच्या जोडीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१४ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आयआयटी खरगपूरला प्रा. मकरंद घांगरेकर यांच्या गटाने मैल्याच्या पाण्यातले जिवाणू वापरून ते पाणी शुद्ध करणारं आणि थोडी वीजही देणारं शौचालय उभारलं. तमिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे आणि विजेच्या रसायनशास्त्रावर तिथे बी.टेक.चा अभ्यासक्रमही चालतो.

हैदराबाद देगलूरकरांना परकं नाही. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो आणि मराठवाड्यातली कितीतरी मुलं उस्मानिया विद्यापीठात शिकली. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत मोठं झालेलं मूल हैदराबादच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या मुलापेक्षा लवकर रुळेल. हा आपल्या सीमाभागाचा फायदा आहे आणि आपण तो फारसा मोजतच नाही.

कच्चा मालही इथलाच आहे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तेव्हा तितकेच कार्बन डायऑक्साइडचे रेणू बाहेर पडतात. हिशेब मांडला तर १ किलो अल्कोहोलमागे साधारण ९५० ग्रॅम, आणि तोही जवळपास शुद्ध. अनेक कारखाने बगॅस जाळून स्वतःची वीज करतात, आणि मराठवाड्यात उन्हाची कमतरता नाही. जर्मनीत सीमेन्स आणि इव्हॉनिक या कंपन्यांनी मार्ल इथे २०२० साली असा प्रायोगिक संच चालवला: विजेने कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन करायचा आणि तो जिवाणूंना खाऊ घालून ब्युटेनॉल, हेक्सॅनॉल मिळवायचं. वीज, साखर आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइड ही तिन्ही एकाच आवारात असलेली जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी लातूर-नांदेडच्या साखर कारखान्याकडे बोट दाखवीन.

पाण्याचा विषय मात्र टाळून चालणार नाही. विकरं बहुधा पातळ द्रावणात काम करतात, पाणी भरपूर लागतं, आणि तयार माल त्या पाण्यातून वेगळा काढायला ऊर्जा लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागातल्या मुलाने कोणत्याही नव्या प्रक्रियेबद्दल पहिला प्रश्न पाण्याचा विचारला पाहिजे. तो प्रश्न घेऊन संशोधनात उतरणारा विद्यार्थी इतरांपेक्षा चांगलं काम करील, अशी माझी खात्री आहे.

नोकरीचं काय?

पालकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. वीज आणि विकर यांच्या जोडीवर मोठ्या प्रमाणात माल काढणारे कारखाने आज फारसे नाहीत. पट्ट्या आणि सेन्सर सोडले तर बरंच काम प्रयोगशाळेत आणि प्रायोगिक संचांवर आहे. विद्युताग्रावर बसवलेलं विकर फार काळ टिकत नाही आणि त्याचा खर्च अजून मोठा आहे. त्यामुळे ‘हा कोर्स करा, लगेच प्लेसमेंट’ असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या. या नावाची पदवी मुळात नसते. एखादं खासगी कॉलेज भारदस्त नाव देऊन अवाच्या सवा फी मागत असेल, तर त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

मात्र या विषयाचे दोन्ही अर्धे भाग आज पोट भरण्याइतके पक्के आहेत. विकरांच्या बाजूला ठाण्याची ॲडव्हान्स्ड एन्झाइम्स आहे, तिचा कारखाना सिन्नरला आहे. पेनिसिलिनपासून पुढची प्रतिजैविकं करायला लागणारं विकर फर्मेंटा बायोटेक बनवते. हैदराबादच्या औषध कंपन्यांना विकरांनी रसायन घडवणारी माणसं लागतात. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज १९८३ पासून इथेनॉलच्या तंत्रज्ञानात आहे आणि जेजुरीला तिने जैव-प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आहे. विजेच्या बाजूला, केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर केलं आणि त्यात सगळा खेळ इलेक्ट्रोलायझरचा, म्हणजे पुन्हा विद्युताग्रांचाच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई-३’ हे जैव-उत्पादनाचं धोरण मंजूर केलं. नोकरीच्या जाहिरातींत बायोकॅटॅलिसिस, फर्मेंटेशन, डाउनस्ट्रीम प्रोसेसिंग, बायोसेन्सर, इलेक्ट्रोकेमिस्ट असे शब्द शोधायचे. दोन्ही बाजूंचं काम येणारी माणसं थोडी आहेत, म्हणून दोन्हीकडे हात ठेवणाऱ्याला भाव मिळतो.

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला अकरावीच्या फॉर्मबद्दल आहे. नीटची तयारी म्हणून गणित सोडू नका आणि इंजिनीअरिंगची तयारी म्हणून जीवशास्त्र सोडू नका. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र हे चारही विषय ठेवा. ओझं वाढेल हे खरं. पण सतराव्या वर्षी एक दार बंद केलं की पुढे ते उघडायला वर्षं जातात, आणि या विषयाला तर दोन्ही दारं लागतात.

बारावीनंतर गणित ज्यांना जवळचं वाटतं त्यांनी केमिकल इंजिनीअरिंग पाहावं. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. मुंबईच्या आयसीटीचा, म्हणजे जुन्या यूडीसीटीचा, मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्याला सुरू आहे. तिथे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम आहे आणि उद्योगांतलं काम त्याचाच भाग आहे. मराठवाड्यातल्या मुलांसाठी मला ही सगळ्यात दुर्लक्षित संधी वाटते. मुंबईचा खर्च आणि धसका नको असलेल्या घरांनी तिची माहिती नक्की काढावी. जीवशास्त्राकडे ओढा असेल तर लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. संशोधनाची तीव्र ओढ असेल तर आयसर पुणेची प्रवेशपरीक्षा बारावीच्या वर्षीच द्या. जेईई आणि नीटच्या गर्दीत तिचा फॉर्म भरायचाच राहून जातो.

घरची परिस्थिती बाहेर पाठवण्यासारखी नसेल तर साधी बी.एस्सी. कमी समजू नका. देगलूरमध्ये राहून बी.एस्सी. करता येते. रसायनशास्त्र धरून ठेवा, जोडीला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा तत्सम विषय मिळतो का ते कॉलेजात विचारा. नंतर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. हे विद्यापीठही विष्णुपुरीतच, देगलूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर. तिथे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्हींची संकुलं एकाच आवारात आहेत. माझी त्या विद्यार्थ्यांना विनंती आहे की रसायनच्या मुलांनी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि जीवशास्त्राच्या मुलांनी रसायनच्या प्रयोगशाळेत जाऊन बसावं, शिक्षकांची परवानगी काढून प्रोजेक्ट एकत्र करावेत. बाहेरच्या संस्थांसाठी आयआयटीची जॅम आणि जैवतंत्रज्ञानासाठी गॅट-बी या परीक्षा आहेत.

दहावीनंतर लवकर कमवायची गरज असेल तर तंत्रनिकेतनात केमिकलचा डिप्लोमा हा चांगला मार्ग आहे. पुढे थेट दुसऱ्या वर्षाला पदवीत जाता येतं. बी.एस्सी. झालेल्यांसाठी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये फर्मेंटेशन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. ज्या भागात इतके साखर कारखाने आहेत, तिथे हा डिप्लोमा फारसा कुणाला माहीत नसावा, याचं वाईट वाटतं.

संशोधन म्हणजे तिशीपर्यंत घरून पैसे मागवणं, हा मोठा गैरसमज आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप आहे आणि वर घरभाडे भत्ता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आयआयसीटीत किंवा विद्यापीठात त्या पैशावर मूल स्वतःचं भागवतं आणि घरीही थोडं पाठवू शकतं. त्याआधीच्या वर्षांसाठी, मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्या आणि बारावीत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्या विद्यार्थ्यांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे.

कॉलेजच्या वर्षांत काय करायचं, तेही सांगतो. पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे विद्युताग्राचा विद्युतदाब ठरवून प्रवाह मोजणारं उपकरण, हे या विषयाचं मुख्य यंत्र, ते महाग असतं. पण २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ८० डॉलरच्या आत बनणाऱ्या पोटेन्शिओस्टॅटचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. सर्किट जुळवता येणारं पोरगं आणि रसायनशास्त्राचे मनापासून शिकवणारे सर एकत्र आले तर असं यंत्र देगलूरच्या प्रयोगशाळेतही बनेल. एनपीटीईएलवर इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि विकरांवरची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजी वाचनाची भीती घालवण्यासाठी रोज एक पान, अर्थ लावत, वहीत नवे शब्द लिहीत वाचावं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं, नंतर जात नाही.

आणि नीटबद्दल. २०२४ साली सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली, एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण १ लाख १० हजार. लातूर-नांदेडच्या क्लासेसनी अनेक गरीब घरांतली मुलं डॉक्टर केली हे खरं आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण एकदा रिपीट, दोनदा रिपीट, मग तिसऱ्यांदा, असं करत विशीत थकून गेलेली मुलं याच गावांमध्ये आहेत. त्यांना जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र इतकं पक्कं येतं की विकरांच्या अभ्यासाला त्यांच्याइतकं तयार कुणी नसतं. एकदा रिपीट करून झालं नाही, तर त्या मुलाला नापास समजू नका. त्याला बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत घेऊन जा.

मुलींच्या पालकांसाठी एक शेवटची गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला असावा लागतो आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल ते निकालानंतरच्या गर्दीत काढायला जाल तर तारीख हुकते. मुलगी बारावीत गेली की त्याच वर्षी देगलूरच्या तहसीलमधून ही कागदपत्रं काढून ठेवा.